माया संपली

आज एआरटी सेंटरला एचआयव्हीच्या गोळ्या आणायला गेले. काट्यावर उभी राहिले तर ७१! सिस्टर हसल्या, "ताई, अंगाला लागलंय हो."

२००८ साली स्टॅव्हुडिन हे जुनं औषध चालू होतं तेव्हा त्याने गालफडं बसली होती, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर, बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायच्या. गावात कुजबुज व्हायची ती वेगळीच.

आता टीएलडी, तीन औषधांची एकच गोळी. त्यातल्या डोल्युटेग्राविरने वजन वाढू शकतं, बायकांचं जास्त, असं डॉक्टर म्हणाले. साखर तपासायला लावली. गोळी मनाने बंद करू नका, हेही दोनदा बजावलं. करतेय कशाला! व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, तपासणीत सापडतच नाही.

घरी येऊन ब्लाउज उसवायला बसले, तर आतली मायाच संपलेली. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "सुटलीस गं!"

काय गोड वाटलं म्हणून सांगू!