तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं होऊनही वारीला जाता?

दिंडीतलं कुणी हे विचारत नाही. विचारतात ते ऑफिसातले, पाहुण्यांतले, हल्ली माझी मुलगीसुद्धा. "मित्र असा गेला, तरी देवाला मानता?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगतो.

आम्ही खानापूर तालुक्यातले, एकाच गल्लीतले. दोघंही कामाला गोव्यात. शनिवारी चोर्ला घाटातून मोटारसायकलवर गावी यायचो. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या जुलैत घाट चढेपर्यंत गाडी माझ्याकडे होती. वर धुक्यात डोळे चुरचुरायला लागले तसं मी म्हटलं, "आता तू घे." मलप्रभा उगवते त्या कणकुंबीत तो म्हणाला, "चहा घेऊया काय?" मी म्हटलं, "नको, घरीच घेऊ." जांबोटीच्या अलीकडे रस्त्याकडेचं झाड आमच्यावर आलं. तो जागच्या जागी गेला. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, तेवढंच.

चहाला दहा मिनिटं लागली असती, तर झाड आमच्या आधी पडलं असतं. गाडी मीच चालवली असती, तर पुढं मी असतो. हा हिशेब मी रात्री अंथरुणावर केला, बँकेच्या रांगेत केला, मुलीच्या बारशाला केला. लोक नारळ घेऊन यायचे, "देवानं राखलं बघ तुला" म्हणायचे. मला राखलं, मग त्याला काय केलं? पाच वर्षं मी देवळाची पायरी चढलो नाही. त्याच्या घरावरनं जाणंही सोडलं. मागच्या बोळातून चिखल तुडवत जायचो.

झोप पार उडाली तेव्हा बायकोनं धारवाडला मनोविकाराच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांच्याकडून कळलं की ह्याला नाव आहे: सर्व्हायव्हर गिल्ट, म्हणजे दुसरा गेला आणि आपण उरलो ह्याची टोचणी. नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत सुटलेल्या माणसांमध्ये विल्यम निडरलँड नावाच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात हेच पाहिलं होतं. "यार तप्पु?" त्यांनी कन्नडमधून विचारलं. चूक कुणाची? माझी, मी म्हटलं. ते म्हणाले, चूक आपली म्हटली की निदान काहीतरी आपल्या हातात होतं असं वाटतं. झाड उगाच पडलं, हे माणसाला पचत नाही. पटलं. गोळ्यांनी झोपही आली थोडी.

मग एक दिवस त्याची आई बोळातच उभी. "माझं घर का चुकवूलास रे? आत ये की."

तिनं चहा ठेवला, आणि त्या वासानं माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. डोळे चुरचुरलेले, कणकुंबी, "नको, घरीच घेऊ." आता ही मला हाकलणार, असं वाटलं. ती म्हणाली, "चहा विचारला व्हय त्यानं? परत सांग." मी परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा. जे मी गुन्हा म्हणून दडवलं होतं ते तिच्या पोराचं शेवटचं बोलणं होतं. ते तिचं होतं, आणि मी पाच वर्षं दाबून बसलो होतो.

निघताना तिनं त्याची टाळांची जोडी हातात दिली. "माघ वारीला ने. मला आता चालवत नाही."

तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेले, हे लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं. पण तेही मागं उरलेले होते, हे मला त्या वर्षी, कृष्णा ओलांडताना, टाळ वाजवता वाजवता उमगलं. विठोबानं मला वाचवलं असं मी आजही म्हणत नाही. कुणी म्हटलं तर विषय बदलतो. पंढरपुरात मी त्याच्यापुढं उभा राहतो आणि तोच हिशेब सांगतो. तो काही बोलत नाही. "देवानं राखलं" म्हणणाऱ्यांपेक्षा मला ते बरं वाटतं.

सुगी आटोपली की दरसाल जातो. परत आल्यावर आधी तिच्याकडं. ती बुक्का कपाळाला लावते, टाळ पदरानं पुसून खुंटीला अडकवते, चहाचं आधण ठेवते. मग पाठमोरीच विचारते, "कणकुंबीत काय म्हणाला होता रे तो?"