"आणखी कुणाला असं वाटतंय?"

मीटिंग संपत आली होती आणि टीममधली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, "सर, ही तारीख आपल्याला जमणार नाही."

एकदम शांतता. सगळे लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेले.

सरांनी कपाळाला आठी घातली नाही. पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आणखी कुणाला असं वाटतंय?"

हळूहळू निम्म्याहून जास्त हात वर आले. म्हणजे माहीत सगळ्यांना होतं! त्यात चांगले मुरलेले लोकही होते.

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात घोळतोय. "का जमणार नाही?" असं विचारलं असतं, तर ती एकटीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली असती.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास केला. औषधं देताना होणाऱ्या चुका चांगल्या टीममध्ये कमी असतील, ही अपेक्षा. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या नोंदींतच चुका जास्त! कारण तिथली माणसं त्या लपवत नव्हती, असं त्यांच्या लक्षात आलं. पुढे १९९९ मध्ये टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवरचा (म्हणजे चूक किंवा शंका न घाबरता बोलता येण्यावरचा) त्यांचा गाजलेला शोधनिबंध आला.

टीम बिल्डिंगच्या नावाखाली आपल्याला खेळ खेळवतात (मला ते कधीच झेपलेलं नाही). ओळखी वाढतात, ठीक आहे. पण साहेबांना नको ती बातमी सांगायची हिंमत त्यातून येते का, शंकाच आहे.

तुमच्याकडे वाईट बातमी वरपर्यंत पोचायला किती वेळ लागतो? आणि सांगतं कोण?