पोमकेत दाखले वाटताना

मी मूळचा साताऱ्याचा, महसूलमधे क्लार्क, पोस्टिंग दक्षिण गडचिरोलीत. तीनेक वर्षांपूर्वी एका पोमकेत म्हणजे पोलीस मदत केंद्रात दादालोरा खिडकीचा मेळावा होता. दादालोरा म्हणजे मोठ्या भावाची. जातीचे दाखले, आधार, बँकेचं खातं, जी कामं खरं तर आमची, ती इकडे पोलीस करून देतात आणि आम्ही लॅपटॉप घेऊन त्यांच्या वाळूच्या पोत्यांआड बसतो.

दुपारी एक आजोबा आले, नातवाचा जातीचा दाखला पाहिजे. मी सवयीने विचारलं, १९५० च्या आधीचा पुरावा? मला इथली माडिया भाषा येत नाही, मधे दुभाषा म्हणून तिथलाच एक सी-६० चा, म्हणजे पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाचा जवान, खांद्याला बंदूक. आजोबा बराच वेळ बोलले. जवान जराही चेहरा न बदलता सांगत होता, सर यांचा भावाशी बांधावरून वाद होता, तुमच्या ऑफिसला दोनदा चालत आले, एकदा साहेब नव्हते, एकदा पुढची तारीख दिली, मग आतल्या लोकांनी एका रात्रीत मिटवला. कागद नाही म्हणतात, पण भाऊ परत बांधावर आला नाही.

आतले लोक म्हणजे नक्षली. त्यांच्या हल्ल्यात लाहेरीला २००९ मधे १७ पोलीस मारले गेले, जांभुळखेड्याला २०१९ च्या महाराष्ट्र दिनी १५ जवान आणि ड्रायव्हर, हे त्या जवानाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

आपल्याकडे देशाची सुरक्षा म्हटलं की काश्मीर नाहीतर चीन. इथे १९८० च्या सुमारास आंध्रातून दलम म्हणजे नक्षल्यांची हत्यारबंद तुकडी आली आणि तेंदूपत्त्याचा भाव वाढवून मागायला लागली, कंत्राटदार लुटायचे आणि विचारणारं कोणीच नव्हतं. जिल्हाच झाला १९८२ ला, तोवर कलेक्टर चंद्रपूरला. पलीकडे छत्तीसगडच्या अबुझमाडात तर पिढ्यान् पिढ्या जमिनीची मोजणीच झाली नव्हती, उतारा कुठून असणार? आमची खुर्ची रिकामी, त्यात ते बसले. फुकट नाही बसले म्हणा, खबरी असल्याचा नुसता संशय आला तरी माणूस मारून रस्त्यावर टाकायचे.

आजोबांना म्हटलं स्थानिक चौकशीवर बघू. फॉर्म भरायला घेतला, नातवाची जन्मतारीख विचारली तर म्हणाले, पावसाच्या आधी. सगळं भरत आणलं आणि नेट गेलं, फॉर्म सेव्ह झालेला नव्हता. जवानाने सांगितलं त्यांना. आजोबांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन बसले.