आमची वाटचाल: शून्य बाइटची फाइल

आम्ही दोघांनी काम सुरू केलं तेव्हा ग्राहकांच्या युनिक्स सर्व्हरवर दुरून लॉगिन करायला टेलनेट आणि फाइली पाठवायला एफटीपीच सर्रास चालायचं; दोन्हींत पासवर्ड उघडाच जातो. हेच काम सांकेतिक रूपात करणारं एसएसएच १९९५ सालीच लिहून झालं होतं, त्याचं मुक्त रूप ओपनएसएसएच १९९९ ला आलं, पण ज्याचं हिशेबाचं पॅकेज वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललंय तो मालक म्हणायचा, "चाललंय ना, मग हात कशाला लावता?" मग आम्ही टीसीपीडम्प (नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, दाखवणारा प्रोग्राम) लावून त्याला लॉगिन करायला सांगायचो आणि त्याचाच पासवर्ड स्क्रीनवर एकेक अक्षर करून उमटताना दाखवायचो. दुसऱ्या दिवशी एसएसएच बसवायला बोलावणं यायचं.

दूरचं सेशन अडकलं, तुटलं, किंवा फाइल अर्धवट आली की आम्हाला फोन, एवढंच आमचं काम. भांडवल म्हणजे एक जुना लॅपटॉप आणि एक निळी कन्सोल केबल, म्हणजे नेटवर्कशिवाय थेट मशीनच्या कन्सोलला जोडायची तार. ती केबल अजून माझ्या खणात आहे. तिची सेटिंग: ९६०० बॉड (वेग), आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. नेटवर्क पार मेलेलं असताना केबल जोडून एंटर दाबावं आणि काळ्या पडद्यावर लॉगिन प्रॉम्प्ट यावा, तो दिलासा ज्याने अनुभवलाय त्यालाच कळेल. आजही नव्या ग्राहकाकडे गेलो की मी आधी विचारतो, कन्सोल कुठे आहे? ते ठाऊक नसताना नेटवर्कच्या सेटिंगला हात लावू नका.

आमचा सगळ्यात जुना ग्राहक म्हणजे एक वितरक. त्यांचे हिशेबनीस काका रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शाखांच्या रात्रीच्या विक्रीच्या फाइली मोजायचे. एका सकाळी मुख्य शाखेची फाइल आली, पण शून्य बाइटची. त्याच सुमारास त्या शाखेची इंटरनेटची लाइन बदलली होती आणि नेटवर्कचं काम एका मोठ्या कंपनीकडे गेलं होतं. नाव घेत नाही. त्यांचा माणूस आला, त्याने शाखेतून पिंग केलं, म्हणजे सर्व्हरला छोटी हाक मारली, उत्तर आलं. "नेटवर्क ठीक आहे. सर्व्हर म्हातारा झालाय, बदला." झालं. सर्व्हर आमच्याकडे, म्हणजे दोष आमचा.

पुढचे तीन आठवडे आम्ही काय नाही केलं! डिस्क बघितली, जागा होती. आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) बघितले, तेही होते. एफटीपीची सेवा बदलून पाहिली, तिचा पॅसिव्ह मोड (जोडणीची दुसरी पद्धत) लावून पाहिला, एससीपीने एसएसएचवरून फाइल पाठवून पाहिली. सगळीकडे तेच. लॉगिन व्हायचं, चार-पाच फाइलींच्या डिरेक्टरीची यादी यायची, मोठ्या डिरेक्टरीत एलएस (यादी दाखवायची आज्ञा) मारलं की सेशन दगडासारखं थिजायचं. दर वेळी नाही, म्हणून जास्तच वैताग. एखादी फाइल व्यवस्थित यायची आणि आम्ही शेवटी जे बदललं होतं त्यालाच श्रेय द्यायचो. दुसऱ्या रात्री पुन्हा शून्य.

तिकडे बातमी पसरली होती. सात ग्राहकांपैकी चार जण त्याच मोठ्या कंपनीकडे गेले. तिसऱ्या आठवड्यात भागीदाराने नोकरी धरली. घरची ओढाताण होती, त्याला बोल लावत नाही. पण तो दिवस विसरलेलोही नाही.

अशा वेळी काकांनी मला बाजूला बोलावलं आणि एक लांबट वही पुढे ठेवली. रोजची तारीख, शाखेत फाइल किती बाइटची होती आणि आपल्याकडे किती पोचली, असे तीन रकाने, शाईच्या पेनाने आखलेले. "मला तुमचं काही कळत नाही," ते म्हणाले, "पण सुट्टीच्या दिवसाची फाइल येते बघा. धंदा झाला की येत नाही."

मी वही घेऊन बसलो. १,३८० बाइटची फाइल आली होती. १,६१२ ची नव्हती. ९०४ ची आली होती. जी आली नाही तिच्यापुढे कधी अर्धा आकडा नाही, प्रत्येक ठिकाणी शून्य. माझ्या अंगावर काटा आला. हे म्हातारपण नव्हतं. कुठल्यातरी मापाच्या वरचं पॅकेट वाटेत गिळलं जात होतं.

त्या रात्री शाखेतल्या मशीनवर टीसीपीडम्प लावला. हस्तांतर सुरू झालं आणि पडद्यावर १:१४६१ (फाइलीचे पहिले १,४६० बाइट) ही ओळ आली. परत १:१४६१. मग थोड्या वेळाने परत, प्रत्येक वेळी आधीच्या दुप्पट थांबून. तेच पहिलं पॅकेट, पोच नाहीच. मागची लहान पॅकेटं पलीकडे पोचतही होती, पण पहिला तुकडाच नाही म्हटल्यावर पलीकडचा टीसीपी (तुकडे क्रमाने जोडणारी यंत्रणा) ती फाइलीच्या हवाली करणार कशी? म्हणून शून्य. मग तुकडे करायला मनाई करून पिंग मारलं. १,४७२ बाइट: शांतता. १,४६४: उत्तर. त्यात अठ्ठावीस बाइटची शीर्षकं मिळवा, म्हणजे १,५०० जात नव्हतं आणि १,४९२ जात होतं. नवी लाइन पीपीपीओईवरची (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करून चालणारी) होती, तिचे आठ बाइट १,५०० मधूनच जातात. राउटर बिचारा प्रत्येक वेळी "पॅकेट मोठं आहे, लहान पाठव" असा आयसीएमपी (नेटवर्कच्या सूचनांचा) निरोप देत होता; पण मोठ्या कंपनीने बसवलेल्या फायरवॉलमध्ये सुरक्षेच्या नावाखाली पिंग सोडून सगळं आयसीएमपी बंद. निरोप मशीनपर्यंत पोचतच नव्हता. आणि साधं पिंग जेमतेम ८४ बाइटचं, ते आरामात जाणार. त्याच पिंगवर त्यांनी आम्हाला दोषी ठरवलं होतं.

राउटरवर एमएसएस (एका पॅकेटातला जास्तीत जास्त डेटा) १,४५२ वर बांधला, फायरवॉलमध्ये आयसीएमपीचा तिसरा प्रकार, चौथा कोड, म्हणजे तोच निरोप, उघडायला लावला. पहाटे फाइल आली. काकांनी वहीत आकडा लिहिला, शेजारच्या रकान्यात तोच आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

आठवड्याने त्या कंपनीचा अहवाल आला. "आमच्या अभियंत्यांनी नेटवर्कचं सूक्ष्म समायोजन केल्याने समस्या दूर झाली." आमचा उल्लेखही नाही. मी मालकांना वही दाखवली, त्यांना पटलं, सर्व्हर वाचला, काम आमच्याकडे राहिलं. पण गेलेल्या चारांपैकी एकही परत आला नाही, आणि तो अहवाल मी अजून जपून ठेवलाय.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. ग्राहक वाढले, चार मुलं कामाला आली.

त्या मुलांना जे सांगतो ते इथेही सांगतो. "सर्व्हर चालत नाही" हे वाक्य तक्रारवहीत लिहायचं नाही. किती बाइटवर थांबलं, किती मिनिटांनी तुटलं, ते लिहा. दहा मिनिटं हात न लावता सेशन तुटत असेल तर बहुधा मधली फायरवॉल त्या जोडणीची नोंद पुसते आहे; लिनक्सची कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारी तपासणी) मुळात ७,२०० सेकंदांनी जागी होते, तोवर काय उरणार? एसएसएचच्या सेटिंगमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६० सेकंद ठेवा. एसएसएचची किल्ली (पासवर्डऐवजी वापरायची फाइल) बरोबर असूनही पासवर्ड मागतोय? होम डिरेक्टरी ग्रुपला लिहिण्यासाठी उघडी आहे का बघा, तसं असेल तर एसएसएच किल्लीकडे ढुंकूनही बघत नाही. लॉगिन होतं पण एसएफटीपी (एसएसएचवरून फाइली पाठवायची सोय) "मेसेज फार लांब" म्हणून मरतं, तिथे कुणीतरी बॅशआरसीमध्ये (सेशन सुरू होताच चालणाऱ्या फाइलीत) स्वागताचा इको, म्हणजे ओळ छापायची आज्ञा, टाकलेला असतो. झिप फाइल पोचते पण उघडत नाही, तर एफटीपी आस्की मोडमध्ये (साध्या मजकुरासाठीच्या) होतं. २०२१ मध्ये ओपनएसएसएच ८.८ ने शा-१ या जुन्या, कमकुवत पद्धतीवरच्या आरएसए सह्या (ओळख पटवणाऱ्या) नाकारायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या मशीनची कितीतरी सेशनं एका रात्रीत बंद पडली आणि तेव्हाही लोक म्हणाले, सर्व्हर म्हातारा झाला.

आणि हस्तांतर चालू असताना फाइलीला खरं नाव देऊ नका. तात्पुरत्या नावाने उतरवा, चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला की त्याच फाइलसिस्टमवर एमव्ही या आज्ञेने नाव बदला. नाहीतर पलीकडचा प्रोग्राम अर्धी फाइल उचलतो आणि अर्ध्या दिवसाची विक्री हिशेबात जाते. हे मी कळवळून सांगतोय, एकदा झालंय.

काका निवृत्त झाले तेव्हा वही मला देऊन गेले. मागच्या वर्षी एका कामासाठी त्याच कंपनीशी पुन्हा गाठ पडली. त्यांच्या माहितीपत्रकात "अवघड प्रश्न, यशस्वी तोडगा" अशा मथळ्याखाली एका वितरकाच्या शाखेची गोष्ट छापली होती. मी बैठकीत ती वही टेबलावर ठेवली, तीन आठवड्यांचं पान उघडलं आणि त्यांच्या माणसाला विचारलं, १,३८० आली आणि १,६१२ का नाही आली, सांगाल का? तो पान उलटत राहिला.

काम आम्हाला मिळालं.