तुम्ही विचारलंत म्हणून: साग मेला का?

मृग-आर्द्रात बांधावरचे साग बोडके झाले की वाडीतले शेजारी विचारतात, आणि गणपतीला चाकरमानी आले, सागाची पानं तपकिरी दिसली की तेही विचारतात. साग मेला का? औषध मारू का?

साग मेलेला नसतो. आणि ही दोन वेगवेगळ्या अळ्यांची कामं आहेत.

पावसाच्या तोंडावर येते ती हिब्लिया प्युएरा या पतंगाची अळी. वळवाच्या सरींनी सागाला कोवळी पालवी फुटते, त्याच पालवीवर मादी शेकड्यांनी अंडी घालते. अळी पानाची कड कापून दुमडते, त्या घडीआड राहते आणि पान खात सुटते. मुख्य शिरा तेवढ्या उरतात. प्रकोप मोठा असेल तर सागाखाली तिच्या लेंड्या पाचोळ्यावर पडताना पाऊस भुरभुरल्यासारखा आवाज येतो. पंधरवड्याच्या आत सगळं आटपतं. अळ्या धाग्यावरून खाली उतरतात, पाचोळ्यात कोषात जातात. पुढे पतंग झाले की थवेच्या थवे दुसरीकडे उडून जातात. म्हणून तर आपले साग उघडे पडतात आणि शेजारच्या वाडीतले हिरवेगार असतात.

गणपतीत दिसते ती दुसरी अळी. ती जून पानातला शिरांमधला हिरवा गर खाते, पानाची जाळी करून ठेवते. तोवर सागाची वर्षाची वाढ बरीचशी झालेली असते.

नुकसान करते ती पहिली. केरळात नीलांबूरच्या कोवळ्या सागवनांत केलेल्या अभ्यासात तिच्यामुळे लाकडाची 44 टक्के संभाव्य वाढ बुडाल्याचं दिसलं. तरीही फवारणीला माझा ठाम विरोध आहे. भर पावसात उंच सागावर मारलेलं औषध पऱ्यात आणि विहिरीत जातं, अळीवर जगणाऱ्या गांधीलमाश्या मरतात, आणि आपल्या लक्षात येईपर्यंत अळ्या कोषातही गेलेल्या असतात. केरळच्या वनसंशोधन संस्थेने या अळीला मारणाऱ्या विषाणूवर काम केलंय. तसं काही आपल्याकडे सहज मिळू लागलं तर मला फार हवं आहे.

हीच अळी खाडीकाठचं तिवरही खाते. तिवर तपकिरी पडलं की कारखान्याच्या सांडपाण्यावर संशय जातो. आधी पानं उलटून बघा. अळीने खाल्लेलं तिवर पुन्हा फुटतं.

रोपं हाताला येण्याइतकी लहान असतील तर दुमडलेली पानं खुडून अळ्या चिरडा. मोठ्या सागाला काही करू नका. अगदीच शंका आली तर फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर कोयता लावू नका.