आधी अंदाज, मग प्रयोग

आमच्या विज्ञानाच्या बाई प्रयोगाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारायच्या आणि प्रत्येकाला वहीत उत्तर लिहायला लावायच्या. शेजारच्याचं बघायचं नाही, लिहिलेलं खोडायचं नाही. एकदा प्रश्न होता, मेणबत्तीत जळतं काय? बहुतेकांनी लिहिलं, वात. मग बाईंनी ज्योत फुंकून विझवली आणि वातीतून वर चढणाऱ्या पांढुरक्या धुराला, वातीपासून बोटभर उंचावर, पेटती काडी लावली. ज्योत धुरावरून झर्रकन खाली उतरली आणि मेणबत्ती पुन्हा पेटली. काडी वातीला लागलीच नव्हती! मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ, हे समजावायला बाईंना मग फार बोलावं लागलं नाही. सगळा वर्ग उत्तरासाठी आसुसलेला होता.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली नाताळची व्याख्यानं सुरू झाली. तिथे मायकेल फॅरेडे यांनी मुलांना रसायनशास्त्र समजावलं ते याच मेणबत्तीच्या आधाराने, हे पुढे वाचनात आलं. फॅरेडे स्वतः पुस्तकबांधणीच्या कामातून आणि रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकून विज्ञानाकडे वळले होते. ऐकणाऱ्याच्या जागी बसणं म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

आज मी संशोधक विद्यार्थ्यांना आपलं काम सर्वसामान्यांपर्यंत कसं पोचवावं हे शिकवते. सुरुवात बाईंच्याच पद्धतीने होते: तुमचं सांगण्याआधी समोरच्याच्या मनात काय आहे ते काढून घ्या. पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा, असं पुष्कळांना वाटतं. त्यांना थेट पृथ्वीच्या अक्षाचा २३.५ अंशांचा कल सांगितला तर ते मान डोलावतात आणि मनातलं तसंच राहतं. त्याऐवजी विचारा, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, मग तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा का? आता कलाचं स्पष्टीकरण त्यांना स्वतःलाच हवं असतं.

अवघड परिभाषा टाळा, हे सगळेच सांगतात आणि ते जमतंही लवकर. आकड्यांचं मात्र तसं नाही. ‘धोका दुप्पट’ एवढंच सांगणं मला अन्यायाचं वाटतं. दहा हजारांत एकाचे दोन झाले तरी दुप्पट, शंभरात दहाचे वीस झाले तरी दुप्पट. घाबरायचं की नाही हे ज्या आकड्यावरून ठरतं तोच गाळला, तर वाक्य खरं असूनही ऐकणारा फसतो. म्हणून माझ्या वर्गात ‘कितीपैकी किती’ हे सांगितल्याशिवाय कुणाला पुढे जाता येत नाही.

शाळेच्या या महोत्सवी वर्षात तिच्याकडे एक मागणं आहे. अभ्यासक्रम कितीही लांबला तरी प्रयोगाच्या तासाला अंदाज लिहायची ती दोन मिनिटं राखून ठेवा. आणि त्या अंदाजांना गुण देऊ नका. बाईंनी कधीच दिले नाहीत, म्हणून तर आम्ही मनात होतं तेच लिहीत होतो.