तक्रारी शून्य, मग विचारता कशाला?

ठाणे जिल्ह्यातल्या बायकांनी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या किती तक्रारी केल्या आणि त्यांचं पुढे काय झालं, एवढंच मला हवं होतं. हा प्रश्न ज्या टेबलावर न्यावा, तिथला माणूस आधी मला निरखून बघायचा. "मॅडम, तुमची स्वतःची काही केस आहे का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग हवंय कशाला?"

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. संध्याकाळी आणि रविवारी सावरकरनगरमधल्या बायकांच्या एका गटाबरोबर असते. रेशनकार्ड, पाण्याची लाईन, नवऱ्याची मारहाण, यातच आमचा गट कायम गुंतलेला. मग राज्यातल्या काही संघटनांनी मिळून 'सीडॉ'च्या पुढच्या फेरीसाठी पर्यायी अहवालाची तयारी करायचं ठरवलं. जिल्हावार माहिती हवी होती. ठाण्याचं काम आमच्याकडे आलं, आणि आकड्यांचा कंटाळा नसलेली गटात मी एकटीच, म्हणून फाईल माझ्या हातात पडली.

सीडॉ म्हणजे स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा करार. १८ डिसेंबर १९७९ रोजी तो संमत झाला. भारताने ३० जुलै १९८० ला सही केली, पण त्यावर शिक्कामोर्तब केलं ते ९ जुलै १९९३ ला. करार मान्य केलेल्या देशाने साधारण दर चार वर्षांनी अहवाल द्यायचा आणि २३ तज्ज्ञांच्या समितीपुढे उत्तरं द्यायची, अशी पद्धत. भारताचे चौथा आणि पाचवा असे दोन अहवाल एकत्रच जुलै २०१४ मध्ये तपासले गेले. सरकार आपल्या अहवालात कोणते कायदे केले, कोणत्या योजना आणल्या ते सांगतं. तो कायदा लोकमान्यनगरच्या चाळीपर्यंत पोचला का, हे सांगायला दुसरं कोणीतरी लागतं. पर्यायी अहवाल त्यासाठी.

आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळ्या त्यांना बाई म्हणतात. पहिल्या बैठकीत त्यांनी करार वाचून दाखवला आणि मग भारताने त्याला जोडलेली निवेदनंही. कलम ५(अ) आणि १६(१) आम्ही पाळू, पण कुठल्याही समाजाच्या व्यक्तिगत बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय ढवळाढवळ करणार नाही. कलम १६(२) मधली सक्तीची विवाह नोंदणी तत्त्वतः मान्य, पण एवढ्या मोठ्या आणि विविध चालीरीतींच्या देशात ती व्यवहार्य नाही. इथे आमच्यातल्या दोघी फिसकन हसल्या. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे आणि त्या दोघी तीन-तीन साक्षीदार गोळा करून प्रभाग समितीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या होत्या. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करायला सांगितलं. निवेदन मात्र जागच्या जागी आहे.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. सीडॉला जोडून एक ऐच्छिक प्रोटोकॉल आहे. तो स्वीकारलेल्या देशातली बाई, देशातले सगळे मार्ग संपल्यावर, थेट त्या समितीकडे तक्रार करू शकते. भारताने तो स्वीकारलेला नाही. म्हणजे आपल्याकडून तिथे एकट्या बाईचा आवाज जायचा नाही, जाईल तो अहवालातूनच. हे ऐकल्यावर मी ते काम जरा गंभीरपणे घेतलं.

करारात शिक्षण, आरोग्य, राजकारण, लग्न, ग्रामीण स्त्रिया असं सगळं आहे. बाई म्हणाल्या, "सगळ्याला हात लावू नका, एकच धागा शेवटपर्यंत ओढा." आम्ही कलम ११ धरलं, रोजगाराचं. त्याचा धागा ठाण्यापर्यंत सरळ येतो. १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा खटल्याचा निकाल देताना देशात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर कायदाच नव्हता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सीडॉचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांचा कायदा व्हायला २०१३ उजाडलं. त्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. दहाच्या आतली ठिकाणं, घरकाम आणि खुद्द मालकाविरुद्धची तक्रार, यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती. वागळेतल्या आठ-नऊ माणसांच्या गाळ्यात पॅकिंग करणारी मुलगी आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये भांडी घासणारी मावशी, दोघींचं दार तेच.

आता अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. जोडपत्र 'अ' भरायचं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दीडशे शब्द ऐकायला पुष्कळ वाटतात, पण "कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३" एवढं नाव दोनदा लिहिलं की त्यातले बरेच संपतात. बाईंचा नियम होता की अर्जात 'का' विचारायचं नाही. 'का'ला उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. जो कागद कायद्याने असायलाच हवा, त्याची प्रत मागायची. म्हणून मी २०१३ च्या कायद्याखालचा नियम १४ समोर ठेवला. वार्षिक अहवालात काय असावं ते त्यात दिलंय: वर्षभरात आलेल्या तक्रारी, निकाली काढलेल्या, ९० दिवसांपेक्षा जास्त रेंगाळलेल्या, घेतलेल्या कार्यशाळा आणि केलेली कारवाई. तेच शब्द जसेच्या तसे उचलले. त्यात स्थानिक समितीच्या स्थापनेचा आदेश आणि तिच्या बैठकांची इतिवृत्तं घातली.

ज्या कार्यालयात अर्ज दिला त्याचं नाव लिहीत नाही. तिथून तो माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली दुसरीकडे गेला, आणि दुसरीकडून उत्तर आलं: "मागणी केलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." माहिती अधिकार वापरणाऱ्यांना हे वाक्य तोंडपाठ असतं. माझा नवरा म्हणाला, झालं, मिळालं तुझं उत्तर. एका अर्थी खरंच मिळालं होतं. जो आकडा दर वर्षी एकत्र करून सरकारला पाठवायचा असं कायदा सांगतो, तो एकत्रच केलेला नाही, हे सही-शिक्क्यानिशी हातात आलं होतं. पर्यायी अहवालाला असा कागद सोन्यासारखा. तरी मी वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं, कारण मला मूळ कागद बघायचे होते.

सुनावणी छोटी झाली. अपिलीय अधिकारी महिला होत्या, घाईत होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. मी म्हटलं, संकलित नसेल तर नको, मूळ नस्ती बघू द्या, कलम २(ञ) मध्ये अभिलेख पाहण्याचा हक्क आहे. त्यांनी लगेच तसं लिहून दिलं. कुणी हा प्रश्न आधी विचारलाच नव्हता, असं त्यांच्या कारकुनाने मला बाहेर सांगितलं. मग चहाही पाजला.

नस्ती म्हणजे कंपन्यांकडून आलेल्या पत्रांचा गठ्ठा. बहुतेक पत्रं एकाच साच्यातली, एकाच सल्लागाराने टाईप करून दिल्यासारखी. प्राप्त तक्रारी: निरंक. प्रलंबित: निरंक. कारवाई: निरंक. काहींत कार्यशाळाही निरंक, म्हणजे समिती आहे हे कामगारांना सांगितल्याचा पुरावाच नाही. आणि घरकामगारांच्या तक्रारींचा स्वतंत्र कागद मला त्या गठ्ठ्यात कुठे दिसला नाही. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ सगळं बघत होते. म्हणाले, "बघा ना, तक्रारी शून्य आहेत. चांगलंच आहे की."

आकड्यांची दुसरी एक गंमत. आमच्या गटातली एकजण म्हणत होती, २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८८६ बायका आहेत, तेच वर टाकू, वाचणारा हादरेल. राज्याचा आकडा ९२९ होता. मी अडवलं. एक तर तो अखंड जिल्ह्याचा आकडा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, पंधरातले आठ तालुके तिकडे गेले, ठाण्याकडे सात राहिले. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करायला गेलं की वसई-डहाणू मध्येच गायब होतात. शिवाय भिवंडीच्या यंत्रमागांवर, बांधकामांवर गावाकडून एकटे आलेले पुरुष त्यात मोजलेले. मुली जन्माला येऊ दिल्या जात नाहीत का, हे बघायचं तर जन्मावेळचं प्रमाण घ्यावं लागतं. तिला ते पटलं, पण दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

शून्य कुठून येतं ते बघायला मी लोकमान्यनगरच्या बस डेपोत गेले. सकाळी तिथून घोडबंदर रोडकडे कामाला जाणाऱ्या बायकांची गर्दी असते. आमच्या गटातली सुगरण पोळीवाली बरोबर होती, तिच्या ओळखीने बायका बोलल्या. "तुमच्यावर असं काही झालंय का" हे आम्ही विचारायचं नाही असं ठरलेलं होतं, बसच्या रांगेत तो प्रश्न विचारणं हाच एक छळ. आम्ही विचारलं, असं कुणाला झालं तर ती कुठे जाईल?

पोलिसांत, असं थोड्या म्हणाल्या. नवऱ्याला सांगणार नाही, असं जवळजवळ सगळ्या. स्थानिक समितीचं नाव कुणीच ऐकलेलं नव्हतं. एक मावशी म्हणाल्या, "ताई, साहेब एकटा घरी असला की मी बेलच वाजवत नाही. पुढच्या महिन्यात ते काम सोडायचं, बाकीची दोन टिकवायची." मी म्हटलं, "मावशी, तक्रार केली तर?" त्या हसल्या. "गेटवरचं माझं कार्ड कोण चालू ठेवणार? एका घराने बंद केलं की ग्रुपवर नाव फिरतं. मग त्या सोसायटीतली तिन्ही कामं गेली."

टॉवरच्या गेटवर घरकामाच्या बायकांची नोंद ॲपवर असते, फोटोसकट. कोण किती वाजता आली, किती वाजता गेली, सगळं मिनिटागणिक. तिच्या हालचालीची इतकी चोख नोंद ठेवणारी व्यवस्था आहे आणि तिच्या तक्रारीची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाचा पत्ता तिला माहीत नाही. कायदा म्हणतो, मालकाने समितीची माहिती कामाच्या जागी दिसेल अशी लावावी. घरकामात मालक म्हणजे ते घर. स्वयंपाकघराच्या भिंतीवर हा बोर्ड कोण लावणार आहे? आणि २०१३ च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे घरकामगाराच्या तक्रारीत तथ्य दिसलं तर स्थानिक समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची आहे. म्हणजे समितीकडे जाणं हे शेवटी पोलिसांकडे जाणं. हे मी त्या मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि बस आली म्हणून गेल्या.

आमचा मजकूर मी लिहिला, बाईंनी शुद्धलेखन तपासलं. राज्याच्या बैठकीत तो कापून दोन परिच्छेदांवर आला, कारण सगळ्या देशाचा अहवाल मर्यादित शब्दांत बसवायचा असतो, ठाण्याला तरी किती जागा मिळणार. संपादन करणाऱ्या ताईंना गेटच्या कार्डाचा भाग काढायचा होता. ते किस्से झाले, समितीला आकडे लागतात, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, शून्य हा आकडा आहेच, तो कसा तयार होतो ते नाही लिहिलं तर सरकार आणि आपण एकच अहवाल पाठवतोय. बरीच वादावादी झाली. एक वाक्य राहिलं. मागणी मात्र आमची पूर्ण गेली: स्थानिक समितीचा पत्ता आणि फोन प्रत्येक गृहसंकुलाच्या गेटवर असावा, आणि निरंक अहवाल देणाऱ्याने कामगारांना माहिती कधी व कशी दिली तेही त्यात लिहावं.

फाईल अजून चालू आहे. ३ डिसेंबर २०२४ ला ऑरेलियानो फर्नांडिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना वर्षअखेरीपर्यंत या कायद्याखालचे जिल्हा अधिकारी नेमायला आणि ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समित्या स्थापन करायला सांगितलं. तालुक्यात आणि शहरी प्रभागांत तक्रार घेणारा नोडल अधिकारीही असायला हवा. ठाणे महापालिकेच्या नऊ प्रभाग समित्यांच्या हद्दीत तो कोण आहे, एवढाच माझा नवा अर्ज आहे, ऐंशी शब्दांतच बसला. कल्याण, भिवंडी किंवा शहापूरच्या कुणाला हाच अर्ज करायचा असेल तर नाव विचारू नका, पदनाम, कार्यालयाचा पत्ता आणि नेमणुकीच्या आदेशाची प्रत मागा. नाव मागितलं की व्यक्तिगत माहिती म्हणून नाकारतील.